अनुभव धागा: "वाटत नाही हो तुम्ही!"

"वाटत नाही हो तुम्ही मुस्लिम!" हे कौतुक म्हणून ऐकून घेतलेल्यांसाठी हा धागा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण साडेअकरा टक्के. पण आकडे, निवडणुका, मोर्चे इथं नकोत, रोजचं लिहा. नावं टाकू नका. सुरुवात मीच करते.

आडनाव पाटील, माहेर तासगावकडचं. कोथरूडला भाड्यानं फ्लॅट बघायला गेले. मालकीणबाई खूश. "पाटील का? बहिणीचं सासर तिकडंच आमच्या." फ्रीज कुठं बसेल, वाळवण कुठल्या गॅलरीत घालायचं, सगळं दाखवलं. आलं घालून चहा केला. टोकनचे दोन हजार पाठवले, करारासाठी आधारचा फोटो पाठवला. पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावतेय तोवर पैसे परत. मागोमाग एजंटचा फोन, "मॅडम, त्यांचा पुतण्या येतोय म्हणे राहायला." मुसलमानांना घर मिळत नाही हे केंद्र सरकारनं नेमलेल्या सच्चर समितीनं २००६ मध्येच लिहून ठेवलंय, त्यामुळे धक्का वगैरे नाही बसला. राग आला तो चहाचा. इतका छान कशाला करायचा?

*

आम्ही मुंब्र्याचे. म्हणजे आता. १९९३ च्या दंगलीनंतर अब्बांनी परळची चाळ सोडली. शेजारच्या काकू नंतर कित्येक वर्षं गणपतीत मोदकांचा डबा घेऊन लोकलनं यायच्या. अब्बा आजही "आपल्याकडे पाणी सातला येतं" म्हणतात ते चाळीबद्दल. आम्ही कोणी दुरुस्त करत नाही.

*

मी रत्नागिरीची, घरी कोकणी. ऑफिसात "किती शुद्ध मराठी हो तुमचं!" आणि भिवंडीला सासरी माझ्या उर्दूला हसतात. (शिरखुर्म्याची ऑर्डर मात्र ऑफिसातून आठ दिवस आधी येते. बकरी ईदचा विषय कोणी काढत नाही, मीही नाही.)

*

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. बहिणीला २०१५ मध्ये तोंडी तलाक दिला. मोहल्ल्यात म्हणाले, "वातावरण बघ, आत्ता बाहेर बोलू नको." जवळच्या मैत्रिणीपाशी मन मोकळं केलं, तर ती म्हणाली, "तुमच्यात असंच असतं ना." समाजसुधारक हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये तोंडी तलाकविरुद्ध सात बायकांचा मोर्चा विधानसभेवर नेला होता. वातावरण तेव्हा तरी कुठं बरं होतं? मैत्रिणीला मी पुन्हा काही सांगितलं नाही. बहिणीला मोहल्ल्यात बोलावणी येत नाहीत.

*

रोज लोकलनं जाते. अम्मीचा फोन आला की सलाम न करता "हां, बोला" म्हणायचे. "अम्मी" तर नाहीच. तिला वाटायचं मी रुसलेय. एकदा घरी आल्यावर कारण सांगितलं. ऐकून घेतलं, गवार मोडत राहिली, काही बोलली नाही. आता फोन उचलला की आधी विचारते, "गाडीत आहेस?" मी "हो" म्हटलं की "बरं, उतरलीस की कर."