मदत हवी आहे: डिझेल फिल्टर बदलल्यापासून ट्रॅक्टर चालू होतो आणि बंद पडतो

नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर 3 सिलिंडर, 35 एचपी, 2006 चं मॉडेल. डिझेल दाबाने इंजिनात सोडणारा मेन पंप साधा इनलाइन आहे, सेन्सर वगैरे भानगड नाही. पेरणीच्या तोंडावर सर्व्हिसिंग करून घेतली. मिस्त्रीने ऑइल बदललं, डिझेलचे दोन्ही फिल्टर नवे टाकले, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या फीड पंपाखालची वाटी खोलून धुतली. गॅरेजात चालू करून दाखवला, मी पैसे दिले, आणि गावच्या फाट्यापर्यंत येईतो बंद.

तेव्हापासून रोज तोच पाढा. एअर काढली, म्हणजे डिझेलच्या लाइनीत अडकलेली हवा बाहेर काढली, की एका सेल्फमध्ये चालू होतो. थोडा वेळ नीट चालतो, मग रेस आपोआप वरखाली व्हायला लागते आणि भकभक करत बसतो. नंतर कितीही सेल्फ मारा, इंजिन दणक्यात फिरतं, पण सायलेन्सरमधून धुराचा पुंजकासुद्धा नाही. बॅटरी चांगली आहे. टाकी अर्धी आहे. खाली डिझेल टपकताना कुठे दिसत नाही.

मिस्त्री फोनवर म्हणतो पंप गेला, पंपवाल्याकडे टाका. माझं मन घेत नाही, कारण सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवसापर्यंत याच पंपावर रोटर मारलाय. इकडे वापसा आलाय, सोयाबीनचं बियाणं घरात पडलंय, आणि या दिवसांत मिस्त्री काही बांधावर येत नाही. वडिलांनी भाड्याच्या ट्रॅक्टरची चौकशीही सुरू केली. पंप न खोलता मला काय काय बघता येईल?

रानवाट: दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून बघा. नाहीतर एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरा, झक मारत चालू होतो.

बांधावरचा: बोळ्याचं अजिबात ऐकू नका दादा. डिझेल इंजिनात पेट्रोलची वाफ नको त्या वेळी पेटते, रिंगा नाहीतर पिस्टनच जातो. फिल्टरच्या कामात इंजिनकाम निघेल. आणि ओढून काय होणार? सेल्फ फिरतोच आहे की.

धूर अजिबात नाही म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही. पोचून पेटत नसतं तर पांढरा धूर आला असता. स्टॉपची तार एकदा बघा, पंपावरची पट्टी पूर्ण मागे येते का ते. तुमचा चालू होऊन बंद पडतोय, म्हणजे तार नसावी, पण बघायला पैसे पडत नाहीत.

जुना_पंपवाला: पंप इतक्यात काढू नका. एअर काढल्यावर एका सेल्फमध्ये चालू होतो म्हणता, मग प्लंजर (मेन पंपातला दट्ट्या), नोझल, टायमिंग सगळं बहुतेक ठीकच आहे. तुमचा ट्रॅक्टर कुठून तरी एअर घेतोय.

असं बघा, नोझल उघडायला 200 बारच्या आसपास प्रेशर लागतं. डिझेल दाबलं जात नाही म्हणून ते प्रेशर तयार होतं. मध्ये हवेचा बुडबुडा आला की प्लंजर त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही.

आता ही हवा शिरते कुठून? फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टरच्या बाजूला, दाब असतो. तिथे काही ढिलं असेल तर डिझेल बाहेर येतं, डोळ्यांना दिसतं. फीड पंपाच्या मागे ओढ असते. तिथली फट चालू इंजिनात हवा आत घेते आणि फारसं गळतही नाही. म्हणून फिल्टर सोडा, मागची बाजू धरा.

आधी टाकीचं झाकण ढिलं करून चालवा. झाकणाचं भोक मातीने बुजलं तरी डिझेल येईनासं होतं. तसं नसेल तर स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घेऊन तो बॉनेटपेक्षा उंच टांगा, आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. एअर काढून चालू करा. चालत राहिला तर दोष टाकीच्या कॉकमध्ये किंवा पाइपात. तरी बंद पडला तर वाटी नाहीतर फीड पंप.

एअर काढताना क्रम चुकवू नका. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हातपंप दाबायचा, बुडबुडे थांबून सलग धार आली की आवळायचा. मग तसंच मेन पंपावरच्या स्क्रूचं. तरी घेत नसेल तर 17 च्या पान्याने नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारा, एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये विश्रांती, नाहीतर सेल्फ जळेल. फवाऱ्यासमोर बोट धरू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं, मग थेट दवाखाना.

प्रश्नकर्ता: झाकण ढिलं करून काही फरक नाही. कॅन टांगून चालवला, नळीत एकही बुडबुडा नव्हता, तरी बंद पडला. म्हणजे तुमच्या हिशोबाने वाटी नाहीतर फीड पंप. हात घालून बघितलं तर वाटीच्या काठाभोवती काळ्या ओल्या मातीचं कडं साचलेलं, बाकी फीड पंप कोरडा धुळकट. वाटी उतरवली. पॅकिंग एका बाजूला खोबणीतून निसटून दुमडलेलं, वाटीच्या काठाने चेपून त्याला चीर गेलेली. मिस्त्रीने तसंच आवळून टाकलेलं दिसतंय.

स्पेअरपार्टच्या दुकानातून पॅकिंग आणलं, वाटीबरोबर इनलेटच्या बोल्टचे तांब्याचे वायसरही बदलले. सगळं मिळून चहापाण्याच्या खर्चात भागलं. एअर काढून सकाळपासून पेरणी यंत्र लावलंय, अजून रेस हलली नाही. पंप खोलायचे पैसे वाचले, फार आभार. एकच विचारायचं राहिलं: सकाळी थंड असताना चालू केला की मिनिटभर पांढरा धूर येतो. त्याचं काही करायचं का?

जुना_पंपवाला: गरम झाल्यावर जात असेल तर हात लावू नका, जुन्या इंजिनाचं चालतं तेवढं. गेला नाही तर पेरणी झाल्यावर नोझल टेस्ट करून घ्या. वाटीचा नट उद्या एकदा बघा, नवं पॅकिंग बसतं तसा जरा ढिला पडतो. हातानेच आवळा, पाना लावून वाटी फोडू नका.