गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर कसा निवडला? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

भाचीच्या गेमिंग लॅपटॉपचा अडॅप्टर गेला. कंपनीचा फार महाग आहे आणि बर्डीवर बराच स्वस्त मिळून राहिला. घेताना तुम्ही काय पाहिलं, कुठे अडचण आली, सविस्तर लिहा. व्होल्ट, अँपिअर, वॅट नक्की द्या.

मानेवाड्याहून
मूळ अडॅप्टर १९.५ व्होल्ट, ११.८ अँपिअर, म्हणजे २३० वॅटचा. दुकानदाराने "पिन बसून राहिली ना भाऊ" म्हणत १२० वॅटचा दिला. अभ्यासाला काहीच फरक नाही. गेम सुरू केला, की चार्जिंग चालू असूनही बॅटरी उतरायची. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जोरात चालले की कमी पडलेली वीज बॅटरीतून जाते, मग लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो. ऐन लढाईत फ्रेम कोसळायच्या, म्हणजे चित्र अडखळायचं. २३० वॅटचा घेतल्यावर सगळं सुरळीत.

बर्डीहून, लॅपटॉप दुरुस्तीवाला
व्होल्ट मूळ अडॅप्टरइतकेच पाहिजेत. अँपिअर जास्त असले तर घाबरायचं काम नाही, लॅपटॉप लागेल तेवढाच करंट ओढतो. कमी मात्र नको. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध बारीक तार असते. तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टर ओळखतो. ती वाकली की लॅपटॉप सुरू होतो, पण चार्ज होत नाही आणि रेंगाळत चालतो. गिऱ्हाईक मदरबोर्ड गेला म्हणून धास्तावून येते. आधी टॉर्च मारून पिन बघा. अडॅप्टरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका. उत्पादकाचं नाव जुळलं नाही तर घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

त्रिमूर्तीनगरहून
माझ्या लॅपटॉपला टाइप-सी चालतं, म्हणून कॉलेजात १०० वॅटचा छोटा चार्जर नेतो. नोट्स, कोडिंग आरामात होतं. गेमला मोठाच लावतो. टाइप-सीवर २४० वॅटपर्यंतची सोय २०२१ मध्ये आली, पण चार्जर, केबल आणि लॅपटॉप तिघांनाही ती झेपायला हवी.

हिंगण्याच्या होस्टेलमधून
नवतपात अडॅप्टर गादीवर ठेवू नका. रूममेटचा उशीखाली दबला होता, हात लावला तर चटका बसला. आता फरशीवर, मोकळ्या हवेत असतो. कूलरसमोर नको, पाण्याचे तुषार उडतात.

महालातून
जुनं घर. चार्जिंग लावलं की लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या यायच्या. अडॅप्टर बदलायला निघालो होतो, तेवढ्यात शेजारच्या वायरमनकाकांनी सॉकेट उघडलं. अर्थिंगची हिरवी तार आत लोंबकळत होती, जोडलेलीच नव्हती. ती जोडल्यावर त्रास थांबला, अडॅप्टर तोच चालू आहे.