मदत हवी आहे: धूळ मोजणाऱ्या सेन्सरमध्ये कोळी शिरतोय

नमस्कार मंडळी. गच्चीवर पीएम २.५ (हवेतले अतिशय बारीक कण) मोजणारा लेझरचा सेन्सर लावलाय. आईला दमा आहे, खिडक्या उघडायच्या की नाही हे त्याच्या आकड्यांवर ठरतं.

गेल्या आठवड्यात हवा स्वच्छ असतानाही आकडा मध्येच ४०० वर उसळायचा आणि लगेच खाली यायचा. उघडून पाहिलं तर पंख्याच्या पात्याशी मोहरीएवढा कोळी, आणि जाळ्याचा एक धागा थेट लेझरच्या वाटेत हलतोय. प्रकाश त्यावरून विखुरला की सेन्सरला ती धूळच वाटणार.

तोंडाशी १ मिमी भोकांची स्टीलची जाळी बसवायचा विचार आहे. पण जाळी बारीक असली की धुळीने लवकर बुजते, हवा आत कमी जाते आणि आकडे चुकतात, याची जास्त काळजी वाटते. कीटकनाशक जवळपास फवारणार नाही, त्याचे थेंबच आत जाऊन बसतील.

जाळीचा आणि बिनजाळीचा असे दोन सेन्सर शेजारी ठेवून कोणी आकडे ताडून पाहिलेत का? किती मिमीची जाळी चालली, किती दिवसांनी साफ करावी लागते? आणि जुन्या नोंदींतले कोळ्याने बिघडवलेले आकडे कसे वेगळे काढता?