जिल्हा परिषदेच्या शाळांत लिनक्स: फुकट आहे म्हणून, की उपयोगाचे आहे म्हणून?

प्रस्ताव
विंडोज १० चा नियमित आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षेच्या सुधारणा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही संगणकातली सुरक्षेची सोय व किमान ४ जीबी रॅम लागत असल्याने खेड्यांतल्या शाळांचे कित्येक जुने संगणक चालू असूनही बाद ठरले आहेत. तालुक्याच्या दुकानातून पुन्हा विंडोजची चोरीची प्रत घालून आणण्यापेक्षा त्यांवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी विनाशुल्क प्रणाली, तिच्यातही लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बसवावी, असे माझे मत आहे. तिचे काम २ जीबी रॅमवर भागते. शिवाय लहान मुलांच्या शैक्षणिक खेळांसाठी जीकॉम्प्रिस, आकाशदर्शनासाठी स्टेलेरियम आणि लेखनासाठी लिब्रेऑफिस विनाशुल्क मिळतात.

विरोध: एक पालक
गावातली मुले पुढे एमएस-सीआयटीला बसतात, नोकरीच्या ठिकाणी एक्सेल मागतात. मग शाळेत त्यांना वेगळेच काही शिकवण्याची हौस कोणाच्या जिवावर? बिघाड झाला की येणारा दुरुस्तीवाला विंडोजच जाणतो आणि शाळेच्या जुन्या लेझर प्रिंटरचा ड्रायव्हर (तो संगणकाशी जोडणारा प्रोग्राम) लिनक्सवर नीट चालत नाही. प्रिंटर रुसला की मुख्याध्यापक संगणकखोलीला कुलूप लावतात, हे आम्ही पाहिले आहे. फुकटाचा माल सांभाळणाऱ्याला महागात पडतो.

प्रस्तावकाचे उत्तर
प्रिंटरचा मुद्दा खरा आहे. लिनक्स बसवण्यापूर्वीच ते तपासायला हवे. नोकरीचा युक्तिवाद मात्र पटत नाही. आज पाचवीत असलेले मूल नोकरीला लागेपर्यंत पडद्यावरची बटणे जागच्या जागी राहतील, हे कोण सांगणार? मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी आली, तेव्हा जुने मेनू घोकलेले चांगले जाणते कर्मचारीही चाचपडत होते. ज्याला सूत्र, बेरीज आणि क्रमवारी यांमागचा विचार कळला आहे, त्याला लिब्रेऑफिसमधल्या कॅल्कवरून एक्सेलवर जायला फार वेळ लागत नाही.

तिसरी बाजू: एक शिक्षक
केरळचा दाखला येणारच, म्हणून आधीच सांगतो. तिथे २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि पुढे २००८ पर्यंत दहावीची संगणक परीक्षा संपूर्णपणे लिनक्ससारख्या मुक्त सॉफ्टवेअरवर आली. पण ते केवळ सीडी वाटून झाले नाही. पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण तिन्ही एकाच दिशेने वळवले गेले, आणि प्रशिक्षण देणारे मास्टर ट्रेनरही शाळांतलेच शिक्षक होते. आपल्याकडे एखादी संस्था येते, फीत कापते, लिनक्स घालून जाते आणि पासवर्ड ज्याला माहीत असतो त्या शिक्षकाची बदली होते.

आणखी एक अडचण आमच्याच सवयीची आहे. कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मुलाचा निबंध तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरांच्या घोळात बदलतात आणि दोष लिनक्सच्या माथी मारला जातो. युनिकोड (अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत) आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठी ठरलेली कळांची मांडणी) विंडोज व लिनक्स दोन्हीकडे सारखेच चालतात; ते शिकवायला परवाना लागत नाही. माझा प्रस्तावाला पाठिंबा आहे, पण एका अटीवर: शाळांच्या प्रत्येक केंद्रात दोन शिक्षक आधी तयार करा, मगच विंडोज काढा.

पालकाचे प्रत्युत्तर
शिक्षक तयार होतील, पण त्यांची इतर कामे कोण करील? निवडणूक, सर्वेक्षणे आणि पोषण आहाराच्या नोंदी यांतून उरलेल्या वेळात त्यांनी संगणक दुरुस्त करावेत, अशी अपेक्षा असेल तर माझा विरोध कायम आहे. दुरुस्तीसाठी तालुक्याला पगारी माणूस नेमा. मग त्या संगणकांवर काय चालते याबद्दल मला तक्रार नाही.