शब्दचर्चा: महायुद्धाच्या विवेचनात 'राष्ट्र' की 'राज्यसंस्था'?

प्रश्न: पहिल्या महायुद्धावरच्या टिपणात एक वाक्य आहे: 'राष्ट्रे सत्तेसाठी झगडतात, असे वास्तववाद मानतो.' पुढे लगेच 'राष्ट्रवादाने ऑस्ट्रिया-हंगेरी फुटली' असं येतं. दोन्हीकडे 'राष्ट्र' चालेल?

उत्तर: पहिल्या वाक्यात नको. वास्तववादात, म्हणजे आंतरराष्ट्रीय राजकारण सत्तेच्या झगड्यातून समजावणाऱ्या विचारात, झगडते ती राज्यसंस्था, म्हणजे सरकार, सैन्य, हद्द आणि सार्वभौमत्व असलेली. राष्ट्र म्हणजे स्वतःला एक मानणारा जनसमूह. नुसतं 'राज्य' लिहिलं तर घटकराज्याचा भास होतो, म्हणून 'राज्यसंस्था'.

१९१४ ची ऑस्ट्रिया-हंगेरीच घ्या. राज्यसंस्था एक, राष्ट्रं मात्र जर्मन, मग्यार (हंगेरियन), चेक, पोल, क्रोएट अशी कितीतरी. तिथल्या सामाईक सैन्यात हुकूम जर्मनमधून सुटत, साधारण ८० शब्दांत. शिपायांशी बाकीचं बोलणं पलटणीच्या भाषेत चाले. पोलिश लोकांचं नेमकं उलट. राष्ट्र होतं, राज्यसंस्था नव्हती. पोलिश शिपाई रशिया, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या तिन्ही सैन्यांत होते आणि एकमेकांवर गोळ्या झाडत होते. 'पोलंड हे राष्ट्र लढले' असं लिहिलंत, तर कोणाच्या बाजूने?

पडताळा सोपा आहे. शब्दाच्या जागी 'सरकार' घालून वाचा. अर्थ टिकला तर 'राज्यसंस्था', 'लोक' जास्त चपखल बसलं तर 'राष्ट्र'.

पुरवणी: 'मित्रराष्ट्रे', 'राष्ट्रसंघ', 'संयुक्त राष्ट्रे' ही नावं रूढ आहेत, ती बदलू नयेत. सदस्य राज्यसंस्थाच असतात, एवढं ध्यानात असू द्यावं. 'अराजक' शब्दही जपून वापरावा. या विषयात त्याचा अर्थ दंगाधोपा नव्हे. राज्यसंस्थांच्या वर हुकूम चालवणारं कोणी नाही, इतकाच.

प्रश्न: मग युद्धाचं कारण राष्ट्रवाद म्हणायचं की सत्तासमतोल, म्हणजे कोणा एकाची ताकद वरचढ होऊ न देण्याची राज्यसंस्थांची धडपड?

उत्तर: आधी पातळी ठरवा. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अभ्यासक केनेथ वॉल्ट्झ यांनी १९५९ मध्ये युद्धाच्या कारणांच्या तीन पातळ्या मांडल्या: व्यक्ती, राज्यसंस्था आणि सगळ्या राज्यसंस्था मिळून होणारी व्यवस्था. ३० जुलै १९१४ ला रशियाने सगळ्या सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला. जर्मनीच्या योजनेत रशियाचा दोस्त असलेल्या फ्रान्सला आधी आणि झटपट हरवायचं, मग रशियाकडे वळायचं होतं. रशियाची जमवाजमव पुरी होईपर्यंत थांबणं तिला परवडणारं नव्हतं. १ ऑगस्टला तिने रशियाशी युद्ध पुकारलं. एकाने बचावासाठी केलेली तयारी दुसऱ्याला धोका वाटते, हा 'सुरक्षापेच', व्यवस्थेच्या पातळीवरचा. पण ४ ऑगस्टला जर्मन संसदेत समाजवादी पक्षानेही युद्धकर्जाला मत दिलं. देशोदेशींच्या कामगारांच्या एकीची भाषा बोलणारा पक्ष असं का वागला, हे सत्तासमतोलातून उलगडत नाही. तिथे राष्ट्रवादाकडेच वळावं लागतं. ढोबळमानाने, युद्ध त्या आठवड्यात का पेटलं हे सत्तासमतोलाच्या चौकटीतून नीट कळतं, लोक चार वर्षं का लढत राहिले हे राष्ट्रवादाच्या.

टिपणातलं सुरुवातीचं वाक्य असं करा: 'राज्यसंस्था आपल्या सुरक्षिततेसाठी सत्ता वाढवतात, असे वास्तववाद मानतो, ऑस्ट्रिया-हंगेरी ही राज्यसंस्था मात्र युद्धातील पराभव आणि तिच्यातील राष्ट्रांची स्वयंनिर्णयाची मागणी यांमुळे १९१८ मध्ये फुटली.'