विषय: भागीदारीचा मसुदा – समितीत कोण, आणि निर्णय कोणाचा?

प्रेषक: कार्यवाह

नमस्कार मंडळी,

आपली शनिवारची मराठी शाळा, ती जिच्या इमारतीत भरते ती दिवसशाळा आणि दिव्यांग मुलांच्या पालकांचा गट, अशा तिघांनी मिळून समावेशक शिक्षणासाठी भागीदारी करायची हे तत्त्वतः ठरलं आहे. मसुदा जोडला आहे. १८ जणांची सुकाणू समिती, तीन महिन्यांनी एक बैठक, अध्यक्षपद आळीपाळीने. समितीत आणखी कोण हवं, त्याबद्दल सूचना कळवा.

एक विनंती. कुठल्याही मुलाचं नाव, वर्ग किंवा निदान या यादीवर लिहू नका. इथले मेल कोण कधी पुढे पाठवेल सांगता येत नाही.

– कार्यवाह

—

विषय: उत्तर: भागीदारीचा मसुदा
प्रेषक: विशेष शिक्षण समन्वयक

कार्यवाह,

आणखी कोण हवं ते नंतर पाहू. आधी १८ मधले निम्मे कमी करा, कारण एवढ्या जणांत नुसती हजेरी लागते, निर्णय होत नाहीत.

मसुद्याची एक साधी परीक्षा घेऊ. शनिवारी सकाळी पालक म्हणतात, ‘मुलाला फळ्याजवळ बसवा आणि वाचायचा उतारा २४ पॉइंटमध्ये छापून द्या.’ याला हो कोण म्हणणार? मसुद्यात याचं उत्तर कुठेच नाही. मग शिक्षिका म्हणणार मुख्याध्यापकांना विचारते, मुख्याध्यापक म्हणणार ही इमारत दिवसशाळेची, दिवसशाळा म्हणणार मूल तुमच्या शाळेचं. तिघेही सज्जन, तिघांनाही मनापासून मदत करायची आहे, आणि सत्र संपेपर्यंत उतारा १२ पॉइंटमध्येच राहतो. भागीदारी मोडते ती भांडणामुळे क्वचितच. ती अशा दोन संस्थांच्या मधल्या फटीत अडकून पडते, आणि नेतृत्वाचं खरं काम ही फट बुजवण्याचं आहे.

म्हणून मसुद्यात हे घाला. ज्याला पैसा लागत नाही किंवा ठरावीक मर्यादेच्या आत लागतो, असा बदल वर्गशिक्षकाने त्याच दिवशी करावा, कोणालाही न विचारता. त्यापुढची मागणी समन्वयकाकडे जाईल, उत्तर कामाच्या ५ दिवसांत. बांधकाम, नवीन माणूस किंवा दोन्ही संस्थांचा पैसा लागणार असेल तर समितीकडे, १५ दिवसांत. मुदत टळली तर मागणी आपोआप वरच्या पायरीवर जाईल. आणि ‘हो’ म्हणायचा अधिकार सर्वांना असला तरी ‘नाही’ म्हणायचा फक्त समितीला असावा, तोही लेखी, कारण आणि पर्याय देऊन. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात, कलम २ मध्ये, वाजवी सोय (त्या व्यक्तीला लागणारा, संस्थेला पेलवेल असा बदल) नाकारणं हाच भेदभाव धरला आहे. तेव्हा नकार कोणी तोंडी, घाईत देऊ नये.

समिती ९ जणांची पुरे. दोन्ही शाळांचे दोन-दोन, पालक दोन, स्वतः दिव्यांग असलेल्या दोन प्रौढ व्यक्ती आणि समन्वयक. प्रौढ दोनच का, तर एकच असली की अंधत्वापासून स्वमग्नतेपर्यंत सगळ्यांच्या वतीने तिनेच बोलावं अशी अपेक्षा होते. गणपूर्ती ५ ची, पण त्यात पालक किंवा दिव्यांग सदस्यांपैकी निदान एक जण हवाच. नसेल तर त्या बैठकीतला निर्णय ग्राह्य नाही. ही अट नसली की ‘ते येऊ शकले नाहीत, आपण पुढे जाऊ’ असं दुसऱ्याच बैठकीत सुरू होतं. बैठक महिन्याला एक, ६० मिनिटांची, निर्णयाचे विषय फार तर तीन. कागद ७ दिवस आधी. नऊही जागांना बदली सदस्य नेमून ठेवा, कारण अशा भागीदाऱ्या बहुतेकदा एका उत्साही मुख्याध्यापकावर उभ्या असतात. त्यांची बदली झाली की नव्या माणसाला ‘असं काही होतं का’ इथपासून सुरुवात करावी लागते.

तिसऱ्या कलमातला ‘तूर्त स्वतंत्र वर्ग’ मात्र काढून टाका. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने २०१६ मध्ये त्याच कराराच्या शिक्षणाबद्दलच्या कलम २४ वर जे सामान्य भाष्य (क्रमांक ४) दिलं, त्यात चार स्थिती वेगळ्या केल्या आहेत: बाहेर ठेवणं, वेगळं ठेवणं, आहे त्या साच्यात बसवणं आणि समावेशन. स्वतंत्र वर्ग म्हणजे दुसरी स्थिती. ‘तूर्त’ला शेवटची तारीख नसते, आणि एकदा त्या वर्गाला खोली आणि शिक्षक मिळाले की तो बंद करायचा ठराव कोणी मांडत नाही.

– समन्वयक, शाळा समिती

—

विषय: उत्तर: उत्तर: भागीदारीचा मसुदा
प्रेषक: खजिनदार

सर्वांना नमस्कार.

समन्वयक ताईंचं पटलं, पण ‘ठरावीक मर्यादा’ म्हणजे किती? शिक्षकांनी परस्पर खर्च केला तर हिशेब तपासणीत उत्तर मलाच द्यावं लागतं. दुसरं, पैसा एकरकमी उपकरणांवर घालावा असं माझं मत आहे. दोन-तीन देणगीदार तयार आहेत. वस्तू समोर दिसली की त्यांनाही समाधान. प्रवेशद्वाराच्या तीन पायऱ्यांसाठी वाहून नेता येणारा २ मीटरचा रॅम्प आणि ऐकायला कमी येणाऱ्या मुलांसाठी ध्वनिक्षेपक, एवढ्याने सुरुवात होईल.

– खजिनदार

—

विषय: रॅम्प आणि ध्वनिक्षेपक
प्रेषक: एक सभासद (श्रवणतज्ज्ञ)

खजिनदार काका,

रॅम्पचं गणित आधी. पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर तीन पायऱ्या म्हणजे ४५. सर्वमान्य उतार १:१२, म्हणजे रॅम्प ५.४ मीटर लांब हवा, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. २ मीटरचा ठेवलात तर उतार जवळजवळ १:४ होतो. ती घसरगुंडी झाली, आणि चाकाची खुर्ची ढकलणारा माणूसही त्यावर सुरक्षित नाही. तेवढी जागा समोर नसेल तर बाजूचं सपाट दार सर्वांसाठीच मुख्य दार करा. एकट्या त्याच मुलाला मागच्या दाराने आणू नका.

ध्वनिक्षेपकाबद्दल सांगायचं तर, श्रवणयंत्र शिक्षकाचा आवाज मोठा करतं तसा खुर्च्यांचा खरखराटही मोठा करतं. मुलाच्या कानाशी शिक्षकाचा आवाज भोवतालच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने वर हवा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, आणि खोलीत वर घुमारा मिसळतो. साध्या वर्गखोलीसाठी अमेरिकी मानकात रिकाम्या खोलीचा गोंगाट ३५ डेसिबल आणि घुमारा ०.६ सेकंद अशी मर्यादा आहे. फरशी, काच आणि उघड्या भिंती असलेली खोली हे सहज ओलांडते. अशा खोलीत भिंतीवर ध्वनिक्षेपक टांगला तर घुमाराच वाढतो.

त्याऐवजी शिक्षकाने गळ्यात लावायचा वायरलेस मायक्रोफोन घ्या, जो आवाज थेट श्रवणयंत्रात सोडतो. तोंडापासून सुमारे १५ सेंटीमीटर खाली, ओढणी किंवा साखळी त्यावर घासणार नाही असा. दुसरं मूल बोलत असेल तर मायक्रोफोन त्याच्या हातात द्यायचा, नाहीतर श्रवणयंत्र लावलेल्या मुलाला फक्त शिक्षकच ऐकू येतात, चर्चा नाही. वर्गाबाहेर जाताना म्यूट करायला शिक्षक हटकून विसरतात आणि कॉरिडॉरमधलं सगळं बोलणं मुलापर्यंत पोहोचतं. हे हसण्यावारी नेऊ नका, प्रशिक्षणात शिकवा. घेण्याआधी यंत्र मुलाच्या श्रवणयंत्राशी जुळतं का, हे त्याच्या श्रवणतज्ज्ञाला विचारा. न जुळणारा मायक्रोफोन कपाटातच राहतो.

आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्टचे तुकडे लावा. सगळ्यात स्वस्त, सगळ्या मुलांना उपयोगी. दर सत्राला तपासायचे, ते निघून पडतात. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, चेहरा काळोखात गेला की ओठ वाचता येत नाहीत.

—

विषय: उत्तर: रॅम्प आणि ध्वनिक्षेपक
प्रेषक: खजिनदार

रॅम्पचं मागे घेतो. मर्यादेबद्दल मात्र आकडा हवाच.

—

विषय: पैसा, आणि हजेरीपटातला एक रकाना
प्रेषक: पालकगटाच्या प्रतिनिधी

काका, आकड्याबद्दल आमची सूचना अशी: वार्षिक रकमेतला दहावा हिस्सा वर्गशिक्षकांकडे समान वाटून द्या. पावती आणि ‘कोणती अडचण दूर झाली’ अशी एक ओळ, एवढाच हिशेब. मुलाचं नाव नाही. उरलेल्या रकमेतून आधी दरवर्षी लागणारा खर्च बाजूला काढा, उपकरणं त्यानंतर. सांकेतिक भाषेचा दुभाषी एक धरू नका. तासाभराहून लांब कार्यक्रमाला दोन लागतात, ते साधारण २० मिनिटांनी आळीपाळीने काम करतात. एकटा दमला की चुका वाढतात. वस्तूची देणगी आलीच, तर तिच्यासोबत वर्षभराच्या देखभालीची रक्कम आणि ती वस्तू सांभाळणाऱ्याचं नाव घेतल्याशिवाय स्वीकारू नका.

आता मोजमाप. मसुद्यात यशाची खूण म्हणून ‘दिव्यांग विद्यार्थ्यांची संख्या’ आहे. पटावर नाव असणं म्हणजे वर्गात असणं नव्हे. हजेरीपटात एक रकाना वाढवा: ‘लवकर नेलं / वर्गाबाहेर बसवलं’, पुढे मिनिटं आणि कारण. ‘आज जरा लवकर घेऊन जाल का?’ असा फोन येतो, आई येते, मूल घरी जातं आणि पटावर पूर्ण हजेरी राहते. याची नोंद कुठेच होत नसल्यामुळे प्रत्येकाला तो अपवाद वाटतो. समितीने दर बैठकीत फक्त या रकान्याची बेरीज पाहिली, तरी कुठल्या तासाला आणि कुठल्या खोलीत अडतं ते कळेल.

प्रवेशअर्जात ‘काही अपंगत्व आहे का?’ असा प्रश्न आहे तो काढा. पालक घाबरून ‘नाही’ लिहितात. युनिसेफ आणि वॉशिंग्टन गट (अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) यांची २०१६ ची प्रश्नावली ५ ते १७ वयासाठी पाहणं, ऐकणं, चालणं, आठवणं, लक्ष देणं, मैत्री करणं, बदल स्वीकारणं अशा बाबतींत किती अडचण येते ते विचारते: काहीच नाही, थोडी, खूप, किंवा अजिबात जमत नाही. मैत्रीपर्यंतचे प्रश्न त्यात आहेत म्हणून ती उपयोगी. पण ती आकडेवारीसाठी आहे. त्यावरून कोणी निदान करायला बसू नये.

वर्गातल्या कामासाठी मुलाचं एक पान पुरतं. काय आवडतं, कशाने मदत होते, कशाने त्रास होतो, शक्य तिथे मुलाच्याच शब्दांत. निदान नको. ‘लक्ष देत नाही’ असं लिहिलं तर शिक्षकाच्या हाती काही येत नाही. ‘मागे दार वाजलं की वळून बघतो, दाराकडे तोंड करून बसवलं की काम पूर्ण करतो’ असं लिहिलं तर पुढच्या शनिवारी वापरता येतं. पान पालकांच्या मालकीचं, दिवसशाळेला द्यायचं तर त्यांच्या सहीने.

सहायकाबद्दलही एक कलम हवं. सहायक वर्गासाठी नेमा, एका मुलासाठी नको, आणि बसायची जागा शेजारी नको, तिरकी मागे. चिकटून बसलेला सहायक असला की शिक्षिका त्यालाच विचारते, ‘याचं झालं का?’, आणि बाकीची मुलं जवळ येत नाहीत. तपासायला सोपं आहे: २० मिनिटं कोपऱ्यात बसून, मुलाशी कोण बोललं त्याच्या रेघा ओढा. सहायकाच्या रेघा बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त असतील तर सहायकाने मागे सरकायचं.

– पालकगट

—

विषय: अक्षरांबद्दल, थोडक्यात
प्रेषक: विशेष शिक्षण समन्वयक

वरचं सगळं मान्य. मसुद्यात नसलेली एक गोष्ट. दिवसशाळेची वाचनदोषाची तपासणी इंग्रजीसाठी आहे, बी आणि डी उलटे होतात का वगैरे. आपल्याकडे चुका दुसरीकडे होतात. ‘कि’मध्ये वेलांटी आधी लिहायची आणि उच्चार नंतर. घ-ध आणि भ-म यांत फरक मुख्यतः शिरोरेषेतल्या फटीचा. एकटा ‘र’ कर्म, क्रम, राष्ट्र आणि दऱ्या यांत चार रूपं घेतो. त्यामुळे दोन्ही शाळांनी चुकांच्या वह्या सत्रातून एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात. एकाच लिपीत अडतं की दोन्हींत, हे त्याशिवाय कळत नाही. ब्रेल शिकणाऱ्या मुलाला ‘वेलांटी आधी’ असं सांगूही नका, भारती ब्रेलमध्ये ती व्यंजनानंतरच येते.

आणि ‘बोलायला उशीर होतोय, घरी मराठी बंद करा’ हा सल्ला कोणत्याही भागीदार संस्थेने पालकांना द्यायचा नाही, हे करारात लिहून घ्या. दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही. घरची भाषा बंद केली की मूल आजीशी बोलेनासं होतं, आणि इंग्रजी काही त्यामुळे वाढत नाही.

—

विषय: जोडलेला मसुदा
प्रेषक: एक सभासद

नमस्कार. मी स्क्रीनरीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारं सॉफ्टवेअर) वापरतो. चर्चा सगळी वाचली, मसुदा मात्र नाही. जोडलेली फाइल स्कॅन केलेलं चित्र आहे, तिच्यात वाचकाला ‘रिकामं पान’ ऐकू येतं. मागच्या इतिवृत्ताची फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होती, ती इंग्रजी अक्षरांचा काला ऐकवते. साध्या युनिकोड मजकुरात पाठवाल का? शीर्षकांना शीर्षकाची स्टाइल लावा, नुसतं ठळक करू नका, म्हणजे कलमावरून कलमावर उडी मारता येते.

—

विषय: मसुदा, दुसरी आवृत्ती (युनिकोड)
प्रेषक: कार्यवाह

दिलगीर आहे. मसुदा खाली मेलमध्येच चिकटवला आहे आणि फाइलही नव्याने जोडली आहे.

बदल: समिती ९, गणपूर्ती ५ आणि तिची अट. ‘तूर्त स्वतंत्र वर्ग’ वगळला. निर्णयाच्या तीन पायऱ्या आणि मुदती कलम ४ मध्ये. हजेरीपटाचा रकाना या शनिवारपासूनच, त्याला ठराव लागत नाही. सहायक आणि घरच्या भाषेची कलमं दिवसशाळेकडे संमतीसाठी गेली आहेत. शिक्षकांच्या दहाव्या हिश्शाला खजिनदारांची संमती एका अटीवर: पावत्या सत्राअखेर नव्हे, महिनाअखेर.

एक जागा अजून रिकामी आहे, दिव्यांग प्रौढ सदस्यांपैकी दुसरी. वरच्या मेलचे लेखक तयार असतील तर त्यांनी मला थेट कळवावं.

– कार्यवाह