महाधनेश जपायचा, मग बेहडा का नाही?

सह्यवाट: फेब्रुवारीत संगमेश्वरकडे बेहड्याच्या एका जुन्या झाडाखाली तासभर बसलो होतो. ढोलीचं तोंड विष्ठेनं लिंपलेलं, मध्ये बोटभर फट. महाधनेश पक्ष्याचा नर आला, घशातून एकेक उंबर काढून आतल्या चोचीत देत राहिला. मादी तीन-चार महिने अशीच आत कोंडून घेते. महाधनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही, म्हणून म्हातारं झाड लागतंच.

वर्गीकरणात दोघांचा काही संबंध नाही. पक्षी ब्युसेरोटिफॉर्मिस गणातला, हुदहुदही त्याच गणातला. बेहडा कॉम्ब्रेटेसी कुळातला, ऐन-हिरड्याचा भाऊबंद. पक्षी १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, २०१८ पासून धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित'. बेहडा कायद्याच्या अनुसूचीत नाही. त्या कायद्यात वनस्पतींचं प्रकरणच १९९१मध्ये आलं, तेही तेव्हा सहा नोंदींपुरतं. घरट्याचं झाड असं उघड्यावर टाकून पक्षी वाचणार कसा?

ऐनपान: मला नाही पटत. लाल यादी जातीची असते, एकेका झाडाची नाही. बेहडा भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आहे, बीही रुजतं. त्याला अनुसूचीत घातलं तर नरक्यासारख्या, औषधासाठी खरोखर ओरबाडल्या गेलेल्या झाडाला काय उरणार? माणसं नि पैसा मोजकाच आहे, तो पक्ष्यावर लावा.

सह्यवाट: बी रुजतं हो, पण महाधनेशाची मादी आत मावेल अशी ढोली व्हायला किती पिढ्या जातात? लाल यादीला झाडाचं वय कळत नाही, हेच माझं दुखणं आहे.

खालचीवाडी: दोघेही सातबारा विसरलात. आमच्याकडचं बरंचसं रान खाजगी आहे. पोकळ बेहड्याची फळी निघत नाही, म्हणून ठेकेदार तो जळणात घालतो. घरात आजारपण निघालं की मालक झाडाकडेच बघतो, आम्हीही बघितलंय. वरून बंदी आणलीत तर लोक ढोली दाखवायचेच बंद होतील. त्यापेक्षा ढोलीच्या झाडाचं दरवर्षी भाडं द्या, फळं त्रिफळ्यासाठी रास्त भावानं घ्या.

ऐनपान: भाड्याला माझा विरोध नाही. पण ते पक्ष्याच्या नावानं द्या.

सह्यवाट: चालेल, अनुसूचीचा हट्ट सोडतो. पण मोजणी झाडांची करू. खालचीवाडी, तुमच्या वाडीत ढोलीची किती झाडं उभी आहेत?

खालचीवाडी: माझ्या लहानपणी पाच होती. आता दोन.